नागपूरच्या थंडीत कुंड्यांतली रोपं पन्नीच्या टनेलमध्ये कशी सांभाळावीत?

तुम्ही लिहिलंय की हिंगण्याकडे तुमची छोटी नर्सरी आहे. मागच्या डिसेंबरात सगळ्या कुंड्या-पिशव्या कमानीच्या टनेलमध्ये ठेवून पन्नी घट्ट बंद केली, तरी क्रोटन, अ‍ॅग्लोनिमा आणि अडेनियम गेलं. यंदा आणखी जाड पन्नी घ्यावी का, असं विचारताय.

नका घेऊ. माझी काटोल रोडला नर्सरी आहे. आपल्याकडे टनेलमधली रोपं थंडीनं कमी मरतात. दुपारच्या तापानं आणि जास्तीच्या पाण्यानं जास्त मरतात.

थंडी खोटी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पण एरवी पहाटे १०-१२ अंश असतात आणि दुपारी २८. बंद पन्नीत त्या २८ चे सहज ४० होतात. बर्फाच्या देशांत टनेल असतं ते रोपं झोपलेलीच राहावीत म्हणून. आत ऊब धरून ती अवेळी फुटू नयेत यासाठी तिथं दुधाळ पांढरी पन्नी लावतात. आपली रोपं उष्ण मुलखातली. त्यांचे पहाटेचे चार-पाच तास निभावले की झालं.

एकेरी पन्नीनं पहाटे फार तर एक-दोन अंशांचा फरक पडतो, मग ती कितीही जाड असो. दिवसा मुरलेली ऊब रात्री पन्नीतून आकाशाकडे निघून जाते. खरी साथ देते ती जमीन. म्हणून रोपं मांडणीवरून खाली उतरवा आणि कुंडीला कुंडी चिकटवून ठेवा. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना भोवती मातीचं पांघरूण असतं, कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो. नाजूक रोपं मधोमध, काटक कडेला, आणि उत्तरेच्या बाजूला बारदाना. एवढ्यानं जे होतं ते दुप्पट जाड पन्नीनं होत नाही.

टनेलची दोन्ही तोंडं सकाळी नऊपर्यंत उघडलीच पाहिजेत. उघडण्याआधी पन्नीवर बाहेरून टिचक्या मारत जा, म्हणजे रात्री साचलेलं पाणी पानांवर न ठिबकता कडेनं ओघळेल. त्या थेंबांनीच पानांवर डाग येतात. ऊन असतानाच, चारच्या सुमारास, तोंडं बंद करा.

आता पाणी. मेलेलं एखादं क्रोटन पिशवीतून काढून पाहिलंत का? मुळाला चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते, आत नुसता दोरा उरतो, आणि कुजका वास येतो. हे पाण्याचं काम, थंडीचं नाही. थंडीत झाड फारसं पाणी ओढत नाही. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच घाला, तेही सकाळी. संध्याकाळी झारी हातातच घेऊ नका. खतही फेब्रुवारीपर्यंत बंद.

अडेनियमचं वेगळं आहे. त्याची पानं गळणारच, तो त्याचा आरामाचा काळ. बुंधा दाबून पाहा. घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. पानं गळाली म्हणून घाबरून पाणी घातलं की तोच बुंधा मऊ पडतो. तुमचं अडेनियम बहुधा असंच गेलं असावं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण ते वाचवायला काहीच करावं लागत नाही.

गुलाब, शेवंती, पिटुनिया टनेलमध्ये आणूच नका, त्यांना हीच हवा मानवते. मोगराही बाहेरच असू द्या. कढीपत्ता पिवळा पडून झडला तरी उपटू नका, उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा फुटतो. आत घ्यायचं ते अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, क्रोटन आणि नुकती पिशवीत भरलेली पपईची रोपं.

संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागली की आधी तोंडं रात्रीही उघडी ठेवा आणि आठवड्याभरानं पन्नी काढा. मात्र काढताच हिरवी नेट ताणा. टनेलमधली कोवळी पानं फेब्रुवारीच्या उन्हात दोन दिवसांत भाजतात.