हिपॅटायटिस सी चे उपचार पूर्ण झाले, आता अधूनमधून दारू घेतली तर चालेल का?

आधी एक खात्री करा: गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्ट (रक्तात विषाणू आहे का हे बघणारी) केली का? ती निगेटिव्ह असेल तरच विषाणू गेला असं धरायचं. (अँटीबॉडी टेस्ट पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, त्याने घाबरू नका.)

गेलेला विषाणू दारूमुळे परत येत नाही. खरा प्रश्न आहे तो यकृताची आधीच किती वाट लागली आहे याचा. फायब्रोस्कॅनचा (यकृत किती कडक झालंय हे मोजणारी तपासणी) रिपोर्ट काढून बघा; त्यात एफ० (व्रण नाहीत) ते एफ४ (सगळ्यात जास्त) अशा पायऱ्या असतात. त्यात एफ४, म्हणजे सिरॉसिस (यकृतभर पसरलेले व्रण), असेल तर एक पेगसुद्धा नको, बिअरही नको. एफ३ असला तरी माझं उत्तर तेच. अशा लोकांना बरं झाल्यावरही यकृताच्या कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करतात. दारूने तो धोका वाढतो. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, सिरॉसिस असतानाही ते नॉर्मल येऊ शकतं.

एफ० किंवा एफ१ असेल, वजन आटोक्यात असेल, मधुमेह नसेल, तर क्वचित एखादा पेग घ्यायचा का, हे रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरांनाच विचारा. आणि पूर्वी रोजची सवय होती असं असेल, तर ‘क्वचित’च्या भानगडीत पडूच नका.