स्टार्टरच्या पेटीचं झाकण आणि रडणारं कुत्रं

वाचक विचारतात : कथालेखन

प्रश्न : ताई नमस्कार. पहिल्यांदाच कथा लिहिलीय, सोबत पाठवतोय. आमच्याकडं शेतीला रात्रीची लाईट असते, म्हणून बाप मोटार चालू करायला शेतात जातो आणि शॉक लागून जातो, अशी गोष्ट आहे. मित्रांना दिली तर म्हणले पहिल्याच पानावर कळलं की बाप मरणार. मी तर मुद्दाम आधी हिंट दिलेत, ते फोरशॅडोइंग म्हणतात तसं. मग चुकलं कुठं? (एक वाचक, रेणापूर)

दादा, कथा वाचली आणि मित्रांचं खरंय. पहिल्या पानावर कुत्रं रडतंय, टिटवी ओरडतीय, आईचा उजवा डोळा फडफडतोय आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून तुम्ही स्वतः मधी येऊन सांगताय की "त्याला काय माहीत, ही रात्र शेवटची". एवढं सगळं झाल्यावर बाप जिवंत राहिला असता तरच वाचकाला धक्का बसला असता.

फोरशॅडोइंग म्हणजे पुढं जे होणार त्याची खूण आधीच पेरून ठेवणं, मराठीत पूर्वसूचन म्हणतात. पण पेरलेलं बी मातीखाली असतंय की नाही, तुम्ही ते ढेकळावर ठेवलं, पाखरं खाणारच. आपल्या नाट्यशास्त्रात पण हाच शब्द आहे बघा, बीज. सुरुवातीला थोडंसंच टाकलेलं आणि मग पसरत पसरत फळापर्यंत जाणारं.

आता गंमत अशी की तुमच्याच कथेत चौथ्या पानावर एक सोन्यासारखी ओळ आहे आणि तुम्हाला तिची किंमत नाही. स्टार्टरच्या पेटीचं झाकण तुटलंय म्हणून बापानं ते तारेनं आवळून बांधलंय. ही ओळ तुम्ही बाप जायच्या दोनच परिच्छेद आधी टाकलीय, म्हणजे वाचकाला तार दिसली की लगेच शॉक. ती उचला आणि पहिल्या पानावर आणा, पण नुसती आणून ठेवू नका, भांडणात घाला. आई म्हणती नवी पेटी बसवा, बाप म्हणतो सोयाबीन विकल्यावर बघू, आई म्हणती मागच्या साली बी हेच म्हणलावतात, तेवढ्यात धाकटी वह्यांसाठी पैसे मागायला येती आणि बाप खिशातली होती ती नोट काढून तिला देऊन टाकतो. वाचकाला वाटतं आपण ओढाताणीचा संसार बघालोय, त्याचं लक्ष पैशावर, आईच्या चिडण्यावर, पोरीवर. पेटी डोक्यात गेलीय पण गेल्याचं त्याला कळलं नाही. मग शेवटाला तो मागं फिरून ती नोट आठवतो ना, तिथं कथा लागते.

म्हणजे खुणेला त्या जागी आपलं स्वतःचं दुसरं काम पाहिजे. नुसती खूण म्हणून उभी केली की ती उघडी पडते. रशियन लेखक चेखव्हनं १८८९ साली एका पत्रात लिहिलं होतं की कुणी उडवणार नसेल तर रंगमंचावर भरलेली बंदूक ठेवू नये, हे सगळे सांगतात, पण ठेवायची कशी ते कुणी सांगत नाही. ते बघायचं तर शाकुंतल बघा. पहिल्याच अंकात शकुंतला सखीला झाडांना पाणी घालायचं देणं लागत असते आणि ते फेडायला दुष्यंत आपली अंगठी काढून देऊ करतो, सख्या तिच्यावरचं नाव वाचतात, थट्टा होते, विषय संपला. आपण थट्टेत रमलोय आणि कालिदासानं अंगठी आपल्या डोळ्यासमोर आणून ठेवली. त्याच्याही आधी, प्रस्तावनेत, नटीचं गाणं ऐकून सूत्रधार आज कोणतं नाटक करायचंय तेच विसरतो! लोक हसतात आणि पुढं अख्खं नाटक विसरण्यावरच. मला तर दरवेळी वाटतं, काय डोकं असेल माणसाचं.

तुम्ही म्हणाल डोळा फडफडणं तर कालिदास पण वापरतो. वापरतो ना, पाचव्या अंकात दरबारात शकुंतलेचा उजवा डोळा फडफडतो, बाईसाठी अशुभ. पण चौथ्या अंकात त्यानं दुर्वासाचा शाप, दुष्यंत तिला विसरणार हा, आपल्याला ऐकवून टाकलाय, लपवायचं काही राहिलंच नाही, आपण फक्त तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसलोय. तुम्हाला शेवट लपवायचाय. म्हणून कुत्रं, टिटवी, डोळा, तिन्ही काढा.

आणि हे पहिल्या खर्ड्यात जमत नाही, कुणालाच नाही. आधी शेवट लिहा, मग मागं जाऊन बघा की शेवटाला लागणारं सामान आधीच्या पानांत कुठं ठेवता येतंय.

प्रश्न : वाचकाला मुद्दाम चुकीच्या दिशेला नेलं तर चालतं का? (एक वाचक, गंगाखेड)

चालतं की. फक्त ती खोटी खूणही गोष्टीत कशाला तरी उपयोगी पडली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतो उगं फिरवलं आम्हाला.

प्रश्न : मी किल्लारीच्या भूकंपावर कथा लिहितेय, आजीकडून ऐकलेलं. पण शेवट तर सगळ्यांनाच माहीत आहे, मग पूर्वसूचन करायचं तरी कशाचं? (एक विद्यार्थिनी, उमरगा)

बाळा, तुझं काम अर्धं झालेलंच आहे. तू फक्त "सप्टेंबर १९९३" लिही, आपल्याकडचा वाचक लगेच ताठ होऊन बसतो. त्याला ३० तारखेची पहाट माहीत आहे, ३ वाजून ५६ मिनिटं माहीत आहेत. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, दमलेली माणसं घरात जाऊन झोपली हे तू नुसतं साधं लिहिलंस तरी त्याच्या पोटात गोळा येतो. इथं वाचकाला सगळं माहीत आणि पात्रांना काहीच नाही, म्हणून तू गप्प राहायचं.

आदल्या वर्षी, १९९२ मधी, त्या भागात छोटे धक्के बसले होते. ते घे, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी भाकितं घालू नको. फळीवरची भांडी वाजतात, सून म्हणती मांजर असंल, एवढंच.

आणि माळवद विसरू नको. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची, मागची काढायची नाही, वर्षावर वर्ष थर चढत जायचा आणि वजन वाढत जायचं. ते वजनच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आलं. तुझी कथा मे महिन्यात सुरू कर. आजोबा टोपल्यानं माती वर चढवतायत, नात खालून टोपली देतीय, घामाघूम झालेत दोघं. काम झाल्यावर आजोबा शिडीवरून खाली उतरतात, हात झटकतात आणि म्हणतात, यंदा एक थेंब गळायचा नाही बघ. तिथं परिच्छेद तोड आणि नातीला पाणी आणायला पाठव.