श्रमशिबिराला निघालीस म्हणून

प्रिय पोरी,

तुझा मेसेज आला तेव्हा मी अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. "काका, झालं सिलेक्शन!" एवढं वाचलं आणि समोरून गाडी निघून गेली तरी बाकावरून उठलो नाही. जर्मनीत दोन आठवड्यांचं श्रमशिबिर, नऊ देशांतली सोळा पोरंपोरी, जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करायचं काम. चोपड्याच्या केळीच्या बागेतून उठून तू तिकडे जाणार, याचा मला किती आनंद झाला ते तुला समोरासमोरच सांगेन.

संध्याकाळी तुझ्या आजींचा फोन आला. त्यांचा एकच प्रश्न होता, "पोरगी इतली दूर काम कराले कसाले जाई ऱ्हायनी? आपला वावरमा काम नई का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. वावरात काम पडलेलं असताना परक्या मुलखात जाऊन फुकट फावडं मारायचं, हे कोणालाही विचित्रच वाटेल. आजींना फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहितोय. तू त्यांना वाचून दाखव.

अशा शिबिरांची सुरुवात झाली १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एन नावाच्या खेड्यात. १९१६ मध्ये व्हर्दूनला फ्रेंच आणि जर्मन फौजा दहा महिने लढत होत्या. त्या लढाईत आजूबाजूची गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. युद्ध संपल्यावर पिएर सेरेसोल नावाचे एक स्विस इंजिनिअर तिथे मूठभर माणसं घेऊन गेले. राहायला तात्पुरती घरं बांधायची, तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजवायचे, रस्ता नीट करायचा, असं ते काम होतं. त्या मूठभरांत काही जर्मनही होते. ज्यांच्या फौजेने गाव पाडलं त्यांच्यातलीच माणसं ते उभारायला आली, हे तिथल्या अधिकाऱ्यांना आणि बऱ्याच लोकांना सोसवेना. काही महिन्यांतच निरोप आला, जर्मन इथे नकोत. मग जर्मनांना एकटं परत पाठवण्यापेक्षा अख्खा गटच तिथून निघून आला.

म्हणजे पहिलं शिबिर मोडलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माहितीपत्रकांत नुसती हसरी तोंडं असतात. सेरेसोल मात्र थांबले नाहीत. पुढे त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. १९३४ च्या जानेवारीत बिहारला मोठा भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल युरोपातून तिथे आले आणि राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीबरोबर गावं पुन्हा वसवायच्या कामाला लागले. परक्या मुलखातल्या माणसाने आपल्याकडे येऊन असं फावडं मारलेलं आहे, एवढं आजींना सांग. त्यांना पटेल.

पण नुसतं एकत्र आणलं की माणसं जवळ येतात, असं समजू नकोस. त्याच्याबद्दल एक प्रयोग तुला ठाऊक असावा. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. त्यांचे दोन गट केले आणि सामने लावून दिले. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग दोन्ही गटांना एकाच ठिकाणी जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांच्या अंगावर अन्न फेकलं. पंगतीने जमलं नाही ते अडचणीने जमलं. शिबिराचं पाणी बंद पडलं, तेव्हा टाकीपासूनची लाइन सगळ्यांना मिळून तपासावी लागली. पुढे जेवण आणणारा ट्रक चालू होईना, म्हणून मुलांनी दोर बांधून तो ओढला. दोर कुठला, तर आधी रस्सीखेचीत ज्याच्या दोन टोकांना दोन गट उभे होते, तोच! आता सगळे तो एकाच दिशेला ओढत होते.

मुलांना काही न सांगता त्यांच्यावर असा प्रयोग करणं मला मुळीच पटत नाही. पण याची आधीची बाजू मला त्याहून महत्त्वाची वाटते. आदल्या वर्षी शेरीफने हाच प्रयोग न्यूयॉर्क राज्यात करून पाहिला होता. तिथे मुलं सुरुवातीला सगळी एकत्र राहिली, त्यांची दोस्ती झाली, आणि नंतर गट पाडले. मग काही केल्या ती भांडेनात. कोणीतरी आपल्याला मुद्दाम भडकवतंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि प्रयोग अर्धवट सोडावा लागला. आधी जोडलेली दोस्ती एवढं करते. अमेरिकेतल्याच सिनसिनाटीत १९५१ साली डोरिस अॅलन या बाईंनी वेगवेगळ्या देशांतल्या अकरा-अकरा वर्षांच्या मुलांचं शिबिर भरवलं, ते याच भरवशावर. शत्रू कोण ते शिकायच्या आधी मित्र मिळू देत, असा त्यांचा विचार होता.

तू विचारलंस, "काका, कल्चरल नाइटला काय करू? लावणी बसवू का?" करायचं तर कर, पण तीन आठवडे त्याच्यात घालवू नकोस. त्या रात्री सगळे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि झोपायला जातात. ओळख होते ती सकाळी सहाला, स्वयंपाकाची पाळी तुझी आणि कोणा अनोळखी पोराची असते तेव्हा. कांदा कसा चिरायचा यावरून पहिलं भांडण तिथेच होतं. आणि भांडी घासायला पहिल्या दिवसापासून पुढे हो. कोण ताट ठेवून उठून जातं आणि कोण दुसऱ्याचंही उचलतं, हे शिबिरात सगळे पाहत असतात, बोलत कोणी नाही. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात तू गावाची गटार उपसली आहेस, तुला हे शिकवायला नको.

इंग्रजीची धास्ती सोड. सोळांत घरी इंग्रजी बोलणारे एक-दोनच असतील, बाकीचे तुझ्यासारखेच शब्द शोधत बोलतात. "हे धर", "दमलीस का", "पाणी हवं?" एवढ्यावर पहिले तीन दिवस निघतात.

आता जे सांगायला मी बसलो ते सांगतो. आजवर फार थोड्यांना सांगितलंय.

१९९६ साली मी पोलंडमधल्या एका खेड्यात अशाच शिबिराला गेलो होतो. गावाबाहेर ज्यूंची जुनी दफनभूमी होती. युद्धाआधी पोलंडमध्ये तीस लाखांहून जास्त ज्यू राहत होते. त्यांतले सुमारे नव्वद टक्के मारले गेले. त्या गावात तर थडग्यांवर दिवा लावायलाही कोणी उरलं नव्हतं. झुडपं कापायची, कलंडलेले दगड सरळ करायचे आणि त्यांच्यावरचं शेवाळ काढायचं, हे आमचं काम. लोखंडी काहीही वापरायचं नाही, अक्षरं झिजतात. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. एका दगडावरचं शेवाळ निघालं आणि खालून दोन पंजे वर आले, आशीर्वाद द्यायला उचलल्यासारखे, अंगठे एकमेकांना टेकलेले. ती पुरोहित घराण्याची खूण असते, असं आम्हाला नंतर सांगितलं.

त्या दगडाच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला एक जर्मन मुलगा, आणि पाणी आणून देत होती तिथलीच एक पोलिश मुलगी. चौथ्या दिवशी तो मुलगा मान वर न करता म्हणाला, "माझे आजोबा युद्धात याच भागात होते. काय केलं ते घरी कोणी बोलत नाही. मी विचारलं, तर जेवता जेवता उठून गेले." कोणी काही बोललं नाही. ती मुलगी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग भरलेली बादली तिने त्याच्या बाजूला सरकवली. नंतर माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुमच्या गावात मेल्यावर सगळ्यांना एकाच ठिकाणी नेतात?"

मी म्हणालो, "हो."

पोरी, ते खोटं होतं. आमच्या गावात पांझरेच्या काठी पत्र्याची शेड असलेली स्मशानभूमी आपल्या लोकांची. पलीकडच्या वस्तीतली माणसं आपलं माणूस आणखी खाली, उघड्यावर न्यायची. पावसाळ्यात सरणावर पत्रा धरून चौघं उभी असलेली मी लहानपणी पाहिली होती. हे सगळं डोळ्यांसमोर असताना मी "हो" म्हणालो, कारण देशाची लाज राखायची होती. त्या मुलाने आपल्या आजोबांचं सांगून टाकलं, आणि त्याच दगडाच्या दुसऱ्या बाजूला बसून मी गावचं लपवलं. उरलेले दिवस ती दोघं माझ्याशी छानच वागली, पण मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

घरी आल्यावर त्या मुलीला पत्र लिहून खरं काय ते सांगितलं. ते पत्र लिहायला मला सात महिने लागले. तिचं उत्तर आलं, त्यात पहिल्याच ओळीत तिने त्या वस्तीचं नाव विचारलं होतं. आमची दोस्ती खरी तिथून सुरू झाली, ती आजवर टिकली आहे. पुढे ग्रामसभेत मी विषय काढला, की शेड एकच असावी आणि सगळ्यांची असावी. बरीच वर्षं गेली. खालच्या अंगाला शेड झाली, पण वेगळीच झाली.

म्हणून तुला सांगतो, तिकडे भारताची प्रतिनिधी म्हणून छाती काढून जाऊ नकोस. तुला कोणी जातीबद्दल विचारेल, हुंड्याबद्दल विचारेल, हिंदू-मुसलमानांबद्दल विचारेल. राग येईल, येऊ दे. पण आपल्या घरात, आपल्या गल्लीत जे डोळ्यांनी पाहिलंस ते सांग, चांगलंही आणि वाईटही. नेमकं माहीत नसेल तर तसं म्हण. मग तूही त्यांना त्यांच्या घरचं विचारू शकशील. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये लिहून ठेवलंय, की दोन गटांची गाठ पडून मनं निवळायची तर त्या जागी दोघांचा दर्जा सारखा हवा. शिबिरात तो सारखा असतो. सगळ्यांच्या हातात तेच फावडं, सगळ्यांना तेच पातळ सूप. तू तिकडून परत येशील तेव्हा इकडे तो सारखा नसेल, आणि ते तुला आजच्यापेक्षा जास्त टोचेल. त्याची तयारी ठेव.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं स्वतः आवरून ठेवायचे, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. प्रांताप्रांतांतल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांकडे राहावं, ही आंतरभारतीची कल्पना त्यांची. आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले तेही तेच. दूरच्याशी मैत्री आणि दारातल्याशी न्याय, या त्यांना दोन गोष्टी वाटल्या नाहीत. जायच्या आधी एक कर. तुझ्या वर्गातली ती पावरा आदिवासी मैत्रीण, सातपुड्यातली, तिच्या पाड्यावर चार दिवस राहून ये. ती तीन वर्षं तुझ्याशी मराठीत बोलते, तुला पावरीतले किती शब्द येतात? आणि एक दिवस जळगावच्या जैन हिल्सवरच्या गांधी तीर्थात घालव, सवडीने. तिकडे गांधींबद्दल तुला हमखास विचारतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. तू मात्र आत्ताच अपॉइंटमेंट घे, उन्हाळ्यात गर्दी असते. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठावं लागेल. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने उरलेली पाहिजे. अशा श्रमशिबिरात राहणं-जेवण सहसा शिबिरवालेच बघतात, तिकीट आपलं आपण काढायचं. त्यामुळे कोणी मध्ये येऊन "व्हिसा मी करून देतो, लाखभर लागतील" म्हणाला तर फोन ठेव. आपल्याच भागातल्या एका मुलाचे पैसे असे गेले, आणि तो अजून घरी खरी रक्कम सांगू शकलेला नाही. कमी पडले तर आधी मला सांग, संकोच करू नकोस.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू घरी असशीलच. त्याच सुमाराला आजी बिबड्या, आपले ज्वारीचे पापड, घालतील. पहाटे उठून त्यांच्याबरोबर घाटा, म्हणजे बिबड्यांचं शिजवलेलं पीठ, हाटायला बस, चटका बसला तरी हातातला लाकडी चाटू सोडू नकोस. गल्लीतल्या बाया जमतील, ओल्या धोतरावर बिबड्या थापतील, लेकरं गरम घाट्यावर तेल घालून खातील. तेव्हा जरा बघ, कोण कोण आलंय आणि कोणाला बोलावलंच नाही. बघितलंस ते वहीत लिहून ठेव आणि वही बरोबर ने. बिबड्याही ने, वीस-पंचवीस. कल्चरल नाइटला लावणीपेक्षा त्या जास्त चालतील, शेगडीवर भाजून सगळ्यांना दे. पिशवीत भरू नकोस, चुरा होतो. स्टीलच्या डब्यात वर्तमानपत्र घालून उभ्या लाव.

तुझा,
काका