बरगंडी शिकायची तर आधी शाब्ली

बरगंडीत, म्हणजे फ्रान्समधल्या या प्रसिद्ध वाइनप्रदेशात, नवखे असाल तर महागड्या बाटल्यांच्या मागे आत्ताच लागू नका. आधी उत्तर टोकाच्या शाब्लीला जा. इथे द्राक्ष एकच, शार्दोने. त्यामुळे चव बदलली की ती माती, उतार किंवा बनवणाऱ्याचा हात यांमुळेच, हे पटकन उमगतं.

मळ्याच्या कडेला वाकून एक दगड उचला. राखाडी चुनखडीत स्वल्पविरामासारखे वळलेले बारीक शिंपले दिसतील. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातली ही कालवं. या मातीला किमरिजियन म्हणतात. वर पठारावरची पोर्टलांडियन माती जास्त टणक, पेती शाब्ली, म्हणजे शाब्लीतली सर्वांत खालच्या दर्जाची वाइन, बहुतेक तिथली. दोन्ही मातींतल्या वाइन शेजारी ओतून चाखा, पण बर्फासारख्या गार नकोत, 10-11 अंश पुरे. शिंपल्यांची चव वाइनमध्ये उतरते असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. वेलीची मुळं शिंपले शोषत नाहीत. मातीतला निचरा आणि ओल फार महत्त्वाची.

ग्रां क्रूचे, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या मळ्यांचे, सातही तुकडे सरँ नदीपलीकडे एकाच उतारावर आहेत. ती बाटली नंतर घ्या, उतार मात्र पहिल्याच संध्याकाळी पायी चढा.