दुसऱ्या महायुद्धानंतर अर्जेंटिनात चित्रपटांवर सरकारचे नियंत्रण कसे चालत असे?

राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांच्या राजवटीत अर्जेंटिनात आपल्यासारखे सेन्सॉर बोर्ड होते का, आणि सरकारी बंधनांमुळेच तिथला चित्रपट उद्योग बसला का, असे आपण विचारले आहे. फिल्म सोसायटीच्या निमित्ताने या काळातील चित्रपट मी बऱ्याच वर्षांपासून पाहत आणि त्यांच्याविषयी वाचत आलो आहे. त्यावरून बनलेले माझे मत असे की, 1946 ते 1955 या काळात सेन्सॉरची कात्री हे सरकारचे मुख्य हत्यार नव्हतेच. मुख्य हत्यार होते कच्ची, म्हणजे चित्रीकरणासाठी लागणारी कोरी फिल्म, आणि तिच्या जोडीला सरकारी कर्ज. तयार चित्रपटातील प्रसंग कापण्याची वेळ क्वचितच येई, कारण नको असलेला चित्रपट सुरूच होणार नाही अशी व्यवस्था आधीच झालेली असे.

हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1942 साली अर्जेंटिनात 56 चित्रपट तयार झाले. तँगोची गाणी, लुमितॉन आणि अर्जेंटिना सोनो फिल्म यांच्यासारखे स्टुडिओ आणि संपूर्ण स्पॅनिश भाषक जगाची बाजारपेठ यांच्या बळावर हा उद्योग तेव्हा भरात होता. मात्र युद्धात अर्जेंटिना जवळजवळ शेवटपर्यंत तटस्थ राहिला आणि अमेरिकेने कच्च्या फिल्मचा पुरवठा आवळला. त्याच वेळी मित्रराष्ट्रांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मेक्सिकोला फिल्म, यंत्रे आणि भांडवल सढळ हाताने देण्यात आले. 1945 साली अर्जेंटिनातील चित्रपटांची संख्या 23 वर आली, आणि हातची बाजारपेठ मेक्सिकोकडे गेली ती गेलीच.

फिल्मच्या टंचाईने एवढे नुकसान कसे होते, हे आजच्या डिजिटल काळात चटकन लक्षात येत नाही, म्हणून साधा हिशेब मांडतो. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट या वेगाने सरकते. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपते. दीड तासाच्या चित्रपटाची नुसती अंतिम लांबीच 8,100 फूट भरते. प्रत्येक दृश्याचे सरासरी तीन टेक घेतले तर निगेटिव्हच 24,000 फुटांच्या पुढे जाते. त्यानंतर ध्वनीची निगेटिव्ह वेगळी, आणि थिएटरांसाठी वीस प्रती काढायच्या म्हटले तर आणखी 1,62,000 फूट लागतात. निर्मात्याकडे कथा, नट आणि पैसा सगळे असले, तरी हे डबे मिळाले नाहीत तर त्याचा चित्रपट कागदावरच राहतो. आपल्याकडेही युद्धकाळात कच्च्या फिल्मसाठी परवाना लागत असे आणि चित्रपटाची लांबी 11,000 फुटांवर बांधून टाकली होती. पण युद्ध संपल्यावर ती बंधने उठली. अर्जेंटिनात मात्र वाटपाची ही किल्ली सरकारच्या हाती राहिली.

त्याच सुमारास सरकारने उद्योगाला संरक्षणही दिले, आणि ते अनाठायी होते असे मला मुळीच वाटत नाही. अर्जेंटिनाचे निर्माते बहुधा आपला चित्रपट ठरावीक रकमेला विकून टाकत. तो तुफान चालला तरी वरचा नफा वितरक आणि थिएटरमालक यांच्या खिशात जाई, आणि निर्मात्याकडे पुढच्या चित्रपटाचे भांडवलही साठत नसे. मोक्याची थिएटरे आणि चांगले आठवडे हॉलिवूडसाठी राखलेले असत. 1944 च्या वटहुकुमाने देशी चित्रपट दाखवणे सक्तीचे केले आणि निर्मात्याला उत्पन्नात टक्केवारीचा वाटा मिळवून दिला. 1947 च्या 12,999 क्रमांकाच्या कायद्याने ही चौकट पक्की केली, आणि पाठोपाठ चित्रपटांना सरकारी बँकेची कर्जे मिळू लागली. मराठी चित्रपटांना थिएटर मिळावे म्हणून आपण आजही जे वाद घालतो, ते ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना या मागणीमागची निकड वेगळी सांगायला नको.

दोष संरक्षणात नव्हता. संरक्षण देणारा आणि पसंती-नापसंती ठरवणारा हात एकच होता, हे खरे दुखणे होते. 1949 मध्ये राऊल आपोल्द हे सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख झाले. त्यापूर्वी त्यांनी अर्जेंटिना सोनो फिल्मच्या प्रसिद्धीचे काम केले होते, त्यामुळे या धंद्यातील प्रत्येकाची नस त्यांना ठाऊक होती. कोणत्या नटाला काम द्यायचे नाही याची यादी लेखी स्वरूपात कुणाच्या हाती येत नसे. नको असलेले नाव घेतले की फिल्म किंवा कर्ज मिळणार नाही, एवढे निर्मात्याला कळले तरी पुरे होई. गायिका-अभिनेत्री लिबर्ताद लामार्के 1946 मध्ये मेक्सिकोला गेल्या. विनोदी अभिनेत्री निनी मार्शाल यांनाही देश सोडून तिकडेच काम करावे लागले. लामार्के यांनी पुढे पेरॉन यांच्या पत्नी झालेल्या अभिनेत्री एव्हा दुआर्ते यांना सेटवर थप्पड मारली म्हणून हे घडले, अशी कथा हमखास सांगितली जाते. लामार्के यांनी स्वतः ती नाकारली होती, आणि त्या कथेच्या नादात मूळ यंत्रणेकडे दुर्लक्ष होते म्हणून मी तिला महत्त्व देत नाही.

ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चाले हे पाहायचे असेल, तर उगो देल कार्रिल यांचा 1952 चा ‘लास आग्वास बाखान तुर्बियास’ हा चित्रपट अवश्य पाहावा. येर्बा माते ही चहासारखी उकळून पितात ती पाने. त्यांच्या मळ्यांवर वेठबिगारासारखे राबवले जाणारे मजूर हा त्याचा विषय आहे. देल कार्रिल हे पेरॉनवादी होते, पेरॉन यांच्या पक्षाचे गीत त्यांच्याच आवाजात घरोघरी पोहोचले होते. मूळ कादंबरीचे लेखक आल्फ्रेदो वारेला हे मात्र कम्युनिस्ट होते आणि तेव्हा तुरुंगात होते. चित्रपट झाला, पण श्रेयनामावलीत वारेला यांचे नाव आले नाही. सुरुवातीचे निवेदन प्रेक्षकाला सांगते की ही सारी दुःखे भूतकाळातली आहेत. त्यानंतर पडद्यावर जे दिसते ते इतके जिवंत आहे, की ते निवेदन कशासाठी जोडले गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. मला हा त्या दशकातील सर्वांत मोलाचा अर्जेंटिनी चित्रपट वाटतो. एवढा मोठा कलावंत आणि सरकारच्या इतका जवळचा माणूस असूनही त्याला ही किंमत मोजावी लागली, तर इतरांनी विषय निवडतानाच किती माघार घेतली असेल याचा अंदाज येतो. युरोपीय कादंबऱ्यांची रूपांतरे आणि श्रीमंत दिवाणखान्यांतली नाटके यांचे तेव्हा जे पीक आले, त्याचे मूळ इथेच आहे.

हॉलिवूडला रोखण्याचेही प्रयत्न झाले, पण 1950 मध्ये अर्थमंत्री सेरेइखो आणि अमेरिकी निर्मात्यांचे प्रतिनिधी एरिक जॉन्स्टन यांच्यात करार झाल्यावर ते चित्रपट पुन्हा मोठ्या संख्येने येऊ लागले. 1953 च्या एका कायद्याने तर चित्रपटाच्या खेळासोबत रंगमंचावर गायक, जादूगार अशा कलावंतांचा जिवंत कार्यक्रम ठेवणे थिएटरांना भाग पाडले. एवढे संरक्षण असूनही लुमितॉन 1952 मध्ये बंद पडला होता.

सप्टेंबर 1955 मध्ये लष्कराने पेरॉन यांना हटवले, आणि जुन्या तरतुदी गेल्यामुळे निर्मिती जवळजवळ ठप्प झाली. 1957 च्या वटहुकुमाने राष्ट्रीय चित्रपट संस्था स्थापन केली, तिकिटावरील कराचा पैसा तिच्याकडे वळवला आणि चित्रपटाला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे असे लिहूनही दिले. दिग्दर्शक तोरे निल्सन आणि त्यांच्यामागून आलेली तरुण पिढी याच व्यवस्थेतून पुढे आली. पण इथेही सक्तीच्या प्रदर्शनास पात्र आणि अपात्र असे दोन वर्ग होते, आणि नव्या धाटणीच्या अनेक चित्रपटांना दुसऱ्या वर्गात टाकले गेले. त्या वर्गातील चित्रपटाला थिएटर मिळणे दुरापास्त असे.

आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो ते पूर्ण स्वरूपात आले 1968 मध्ये, ओंगानिया यांच्या लष्करी राजवटीच्या 18,019 क्रमांकाच्या कायद्याने. विवाहसंस्थेला बाधा, गर्भपात, राष्ट्रीय सुरक्षा अशा ऐसपैस कारणांवरून चित्रपट कापता किंवा थांबवता येऊ लागले. 1973 मध्ये या कायद्याखालील सेन्सॉर मंडळावर आलेले दिग्दर्शक ऑक्ताव्हियो हेतिनो यांनी काही महिने दारे उघडली, आणि त्याबद्दल त्यांच्यावर पुढे खटलाही झाला. 1974 मध्ये समीक्षक मिगेल पाउलिनो तातो तिथे आले, ते 1976 च्या लष्करी उठावानंतरही टिकले. ‘अर्जेंटिनी सेन्सॉर’ म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते प्रामुख्याने त्यांच्या काळातले आहे, आणि ते पेरॉन यांच्या पहिल्या राजवटीवर चिकटवणे ही इतिहासाची गल्लत होईल.

लोकशाही परतल्यावर 1984 मध्ये 23,052 क्रमांकाच्या कायद्याने हे मंडळ बरखास्त झाले आणि केवळ वयानुसार वर्गवारी उरली. त्याच वर्षी ‘ला प्रोदिगा’ हा चित्रपट बुएनोस आयरेसमध्ये प्रथमच लोकांसमोर आला. मारिओ सोफिची यांनी तो 1945 मध्ये पूर्ण केला होता आणि त्याची नायिका होती एव्हा दुआर्ते. पेरॉन यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांना आपले नटीपण पडद्यावर नको झाले, आणि तयार चित्रपट 39 वर्षे डब्यात राहिला.