चॅलेंज मध्येच सुटलं, आता पुन्हा कशाला?

“मॅडम, ऑनलाइन फिटनेस प्रोग्रामला नाव देते आणि दर वेळी सोडते. माझ्यात चिकाटीच नाही.” कॉलेजमधल्या समुपदेशनात हे वाक्य मला वारंवार ऐकू येतं, मुलींकडून आणि मुलांकडूनही. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ती नांदेडची. एमएस्सीचं पहिलं वर्ष, राहायला पुण्यात कर्वेनगरला पीजीत, एका खोलीत तीन कॉट. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल, रात्री लॅपटॉप. पाठ धरायची, झोप उशिरा लागायची. म्हणून कॉलेजच्या ऑनलाइन उपक्रमात तिने हौसेने नाव दिलं. पहाटे सहाला झूमवर व्यायाम, दिवसाला १० हजार पावलं, रात्री ग्रुपवर स्क्रीनशॉट आणि रोज पहिल्या दहा जणांची यादी. पहिला आठवडा छान गेला. मग पाळी आली, पाठोपाठ इंटर्नल्स. खंड पडला आणि अ‍ॅपवरचा सलग दिवसांचा आकडा शून्यावर आला. त्यानंतर तिला ग्रुप उघडायचीच लाज वाटू लागली. शेवटी ती ग्रुपमधून बाहेर पडली.

माझ्यासमोर तिला रडू आलं ते व्यायामामुळे नाही. “बाबा म्हणतात, तू काहीच तडीस नेत नाहीस. खरंच आहे ते.”

अशा वेळी मी आधी एक गोष्ट विचारून घेते. फक्त व्यायामच सुटलाय, की जेवण, मैत्रिणी, आवडीच्या गोष्टीही? दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर आधी त्याकडे बघायला हवं. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, कधीही बोलता येतं. हिचं तसं नव्हतं. मेसचं जेवण व्यवस्थित, मैत्रिणींशी गप्पा चालू.

मग मी विचारलं, “पहाटे सहाला खोलीत नेमकं काय होतं, ते सांग.”

दोघी रूममेट झोपलेल्या. दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही. दोन कॉटच्या मध्ये मॅट मावत नाही. गरम पाणी साडेसातपर्यंतच, त्यामुळे सहापासूनच अंघोळीला नंबर. हे सांगता सांगता तिचं तिलाच जाणवलं की या खोलीत सहाचा व्यायाम कुणालाही जमला नसता. चिकाटीचा प्रश्न इथे येतच नव्हता.

१० हजार पावलांचा आकडाही मी तिला उलगडून सांगितला. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं यंत्र’ असा होता, त्यातून हा आकडा रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांत आहे, तीही आठवड्याची: प्रौढांनी १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाता येत नाही इतपत. एका वेळी सलग दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अटही आता राहिलेली नाही. सवयीचं म्हणाल, तर लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील तर कुणाला २५४, असं दिसलं. एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नव्हता. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

पुढचं तिनेच ठरवलं. कॉलेजला जाताना डेक्कनपर्यंत बसमध्ये न बसता त्याआधीच नळस्टॉपला उतरायचं आणि तिथून भरभर चालायचं. झूमच्या वर्गाचं रेकॉर्डिंग संध्याकाळी गच्चीवर लावायचं, आठवड्यातून दोनदा. रूममेट आल्या तर उत्तमच. त्यातली एक येऊ लागली. रविवारी उजाडल्यावर दोघी मिळून हनुमान टेकडी. (पहाटे अंधारात एकटीने टेकडीवर जा, असं मी कुठल्याच मुलीला सांगत नाही.) अ‍ॅप ठेवलं, पण त्यातली सलग दिवसांची सूचना बंद केली. आता ती वहीत आठवड्याची मिनिटं लिहिते. परीक्षेच्या आठवड्यात मिनिटं चाळीसच भरली. ती तशीच लिहिली आणि सोमवारी पुन्हा नळस्टॉपला उतरली.

ऑनलाइन उपक्रमांना माझा विरोध नाही. जिमची फी परवडत नाही किंवा तिथे जायला संकोच वाटतो, अशा कितीतरी मुलांसाठी ती एकमेव वाट असते. मला खटकते ती रोजची यादी. जे आधीच पळताहेत तेच त्यात वर दिसतात आणि ज्यांच्यासाठी उपक्रम आहे ते मान खाली घालून निघून जातात. आमच्या उपक्रमाच्या शिक्षकांशी मी हे बोलले. त्यांनी यादी बंद केली आणि रेकॉर्डिंग सर्वांना खुलं केलं.

तुम्ही असा ग्रुप चालवत असाल, तर गप्प झालेल्या मुलांकडे लक्ष ठेवा. ‘का आली नाहीस?’ असा जाब विचारू नका. ‘शनिवारी संध्याकाळी आहे, येतेस का?’ एवढाच मेसेज पाठवा, आणि तोही ग्रुपवर नको, तिला एकटीला.