'एस्पान्या'त सम सापडत नाही, त्याबद्दल

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: फ्रेंच संगीतकार शाब्रिएच्या 'एस्पान्या' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा ठेका तीनचा की दोनचा, आणि त्यातल्या चाली खरंच स्पेनच्या लोकसंगीतातल्या का. ठेक्याचं आधी घेतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

कागदावर ठेका ३/८ आहे. पण सुरुवातीला तंतुवाद्यं गज न लावता बोटांनी छेडलेली आहेत, गिटारचा भास होईल अशी, आणि जोर अशा जागी पडतात की कान आपोआप दोन-दोन मोजायला लागतो. तुमचं मोजणं चुकत नाहीये, शाब्रिएने मुद्दाम चकवलंय. दोन बार, म्हणजे तीन-तीन मात्रांचे दोन खंड, एकत्र धरा. सहा मात्रा झाल्या, म्हणजे आपला दादराच. हाताने ३+३ चालू ठेवा आणि वाद्यांना त्याच सहा मात्रा २+२+२ अशा वाटून घेऊ द्या. सम दोघांची एकच, मधल्या टाळ्या तेवढ्या वेगळ्या पडतात. मात्र लय इतकी जलद आहे की प्रत्येक मात्रेला टाळी द्यायला जाऊ नका, बारला एकच पुरे.

एकदा हे बसलं की पुढे म्यूट (आवाज दाबणारा अडसर) लावलेला ट्रम्पेट आणि 'बसून' हे खर्जातलं फुंकवाद्य मिळून पहिली चाल धरतात, तिथे हात आणि कान जुळतात. तोवर धीर धरा.

आता चालींचं. शाब्रिए पॅरिसला गृहखात्यात कारकून होता. १८८० साली नोकरी सोडली आणि १८८२ च्या उत्तरार्धात बायकोला घेऊन काही महिने स्पेनभर फिरला. रात्री कॅफेत बसून गाणारे, नाचणारे, टाळ्या देणारे ऐकायचे आणि ठेके टिपून घ्यायचे, हा उद्योग. तिथूनच त्याने शार्ल लामुरो या वाद्यवृंद-संचालकाला कळवलं होतं की परत आलो की अशी एक फँटसी (मुक्त बांधणीची रचना) लिहीन की श्रोते बेभान होतील. ४ नोव्हेंबर १८८३ ला लामुरोनेच ती पॅरिसमध्ये सादर केली आणि लोकांनी लगेच पुन्हा वाजवायला लावली.

त्यात मुख्यतः दोन नाच आहेत. खोता हा उत्तरेकडच्या आरागॉनचा, उड्या मारायला लावणारा; मालागेन्या दक्षिणेतल्या मालागाची, जरा रेंगाळणारी. मध्येच ट्रॉम्बोन छाती पुढे काढून जी धून वाजवतात ती मात्र शाब्रिएची स्वतःची. तेव्हा 'अस्सल की नक्कल' असा सरळ निवाडा इथे होत नाही. फ्रेंच माणसाने लिहिलेली म्हणून नाक मुरडणारे भेटतात, पण खुद्द स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फायाने यातल्या खोताला मनापासून दाद दिली आहे. माझ्यापुरता वाद तिथे मिटला.

रेकॉर्डिंगमध्ये स्पॅनिश संचालक आताउल्फो आर्जेंताचं लंडन सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबरचं ऐका. काही संचालक नुसता वेग वाढवतात आणि जोराच्या जागा पुसून टाकतात. मग उरतो तो बँडबाजा.

'एस्पान्या' पचली की फ्रेंच संगीतकार राव्हेलची 'रापसोदी एस्पान्योल' घ्या. पहिलं सादरीकरण १९०८ चं, चार भाग, साधारण पंधरा मिनिटं. राव्हेलची आई बास्क, माद्रिदमध्ये राहिलेली, त्यामुळे त्याचा स्पेन प्रवासात टिपलेला नाही, घरात ऐकलेला आहे. इथे गोंगाट शोधू नका. पहिल्या भागात म्यूट लावलेली व्हायोलिनं आणि व्हिओला चारच उतरते स्वर पुन्हा पुन्हा वाजवतात. ठेका ३/४, म्हणजे बारमध्ये अर्ध्या मात्रेच्या सहा जागा आणि स्वर चार. तीन आवर्तनं झाली की दोन बार भरतात आणि पहिला स्वर पुन्हा समेवर येतो. 'एस्पान्या'वर हात बसला असेल तर हे तुम्ही सहज मोजाल, आणि या वेळी घाई करायची गरज नाही, लय संथ आहे.